त्या सऱ्या उभ्या का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंडोनेशियातल्या दिएंग पठारावरचा प्रवासलेख वाचला. सूर्योदयाचं वर्णन झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फोटोखाली 'पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार शेती' असं छापलंय, ते चूक आहे. फोटो पुन्हा एकदा नीट बघा. त्या पायऱ्या नाहीत, सऱ्या आहेत, म्हणजे पिकाच्या दोन वरंब्यांमधले चर. आणि त्या उताराला आडव्या नाहीत, उभ्या आहेत. माथ्यावरून निघालेली सरी थेट खाली उतरते.

मी सातगाव पठारावरचा. आमच्याकडे पावसाळी बटाटा होतो. उतारावर उभी सरी काढली तर पहिल्या झडीलाच माती ओढ्यात जाते, हे आमच्याकडे पोराला शाळेत घालायच्या आधी कळतं. मुलगी-जावई जकार्ताला नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, फवारण्या भावावर सोपवून, आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. जकार्ताहून रेल्वेने पुर्वोकेर्तो, तिथून गाडीने वोनोसोबो आणि मग वळणावळणाचा घाट. मुक्काम सेंबुंगानला. हे जावा बेटावरचं सर्वांत उंच गाव म्हणून सांगतात, उंची साधारण २,३०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर संपतं, यावरून अंदाज यावा.

पर्यटक पहाटे चारला उठून सिकुनिर टेकडीवर सूर्य बघायला जातात. आम्हीही गेलो. उजाडलं तसा मी सूर्याकडे पाठ करून खालच्या शेतांकडे बघत बसलो. बायको म्हणाली, "एवढ्या लांब येऊन बटाटेच बघताय?" पण त्या उभ्या सऱ्या बघून माझ्या पोटात गोळा आला होता. इतक्या चढावर, की काही ठिकाणी माणसाला नुसतं उभं राहायला हात टेकावा लागेल, तिथे वरंब्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरून बटाटा लावलेला. बांध नाही, झाड नाही. एक माणूस कोंबडखताचं पोतं पाठीवर घेऊन चढत होता. दहा पावलं चढायचा, थांबायचा, पुन्हा दहा पावलं.

ज्या घरी उतरलो त्या घराचेही बटाटेच. संध्याकाळी सगळं घर चुलीपाशी. पुरुष, बायका, म्हातारी, सगळे लुंगीसारखं सारोंग खांद्यावरून लपेटून आगीभोवती बसतात, पाहुण्यालाही तिथेच बसवतात. मग मी विचारलंच, जावई दुभाषा. सरी आडवी का काढत नाही? घरधन्याने हसून हाताचा उतार करून दाखवला. इथे पाऊस नोव्हेंबरला लागतो तो मार्चपर्यंत हटत नाही. आडव्या सरीत पाणी तुंबतं, वाफसा येत नाही, म्हणजे माती निथळून मोकळी होत नाही, आणि करपा हा रोग आठवड्यात पाला काळा करून टाकतो. उभ्या सरीतून पाणी पळून जातं. माती जाते हे त्याला ठाऊक होतं. "माती हळूहळू जाते, पीक एका आठवड्यात जातं," असं तो म्हणाला. करप्याने शेत बसलेलं मी पाहिलंय, त्यामुळे मला पुढे बोलता येईना.

मग खाली सपाटीवर का नाही पिकवत? तर सपाटीवरही पिकवतातच, पण तिथे दुसरं दुखणं आहे. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत रात्री आकाश निरभ्र राहिलं की पारा शून्याखाली उतरतो. थंड हवा पाण्यासारखी खोलगटात साचते आणि पहाटे पानांवर बर्फ धरतो. दुसऱ्या दिवशी अर्जुनाच्या देवळाजवळच्या एका वावरात मी ती पानं हातात घेतली. सात वाजता साखर भुरभुरल्यासारखी पांढरी, ऊन चढल्यावर तीच उकडलेल्या पालेभाजीसारखी लुळी आणि काळपट. याला तिथे 'एम्बुन उपास' म्हणतात. एम्बुन म्हणजे दव, आणि उपास म्हणजे विष. आपल्याकडे उपास म्हटला की बटाटा आठवतो, तिथे 'उपास' आला की बटाटा मरतो. बायको त्यावर हसली, मी मात्र त्या वावराच्या मालकाकडे बघत होतो. तो पाला उपटून बांधावर टाकत होता, काही न बोलता.

देवळांबद्दल लेखात बरंच आलंय, म्हणून थोडक्यात. सातव्या-आठव्या शतकापासूनची ही शिवालयं, नावं नंतरच्या लोकांनी महाभारतातली ठेवली. अर्जुन, भीम, घटोत्कच, आणि पुंतदेव म्हणजे आपला युधिष्ठिर. श्रीकांडी म्हणजे शिखंडी, पण जावातल्या कथेत ती चक्क अर्जुनाची बायको आहे! गाव सगळं मुसलमान, पण भीमाचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. सेरायू नदी जिथे उगम पावते त्या झऱ्यालाही भीमाचंच नाव आहे. याच सेरायूवर खाली बांजारनेगारा जिल्ह्यात मोठं धरण आहे, आणि ते वरून येणाऱ्या गाळाने भरत चाललंय. त्या गाळात दिएंगच्या बटाट्याची वावरं आहेत.

लेखात 'पिढ्यान्‌पिढ्यांची शेती' असाही उल्लेख आहे. तसं नाही. बटाट्याचं हे वेड १९८० च्या दशकातलं. त्याआधी मका आणि तंबाखू जास्त. म्हातारीने सांगितलं, तिच्या लहानपणी मक्याचा भात खायचे, तांदूळ सणाला. मग बटाट्याने पैसा दिला. पक्की घरं झाली, मोटारसायकली आल्या, लोक हजला जाऊन आले. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची राजवट कोसळली, त्या धामधुमीत जंगलावर कुऱ्हाड पडली आणि तिथेही बटाटा चढला. आता वर्षात दोन-तीन पिकं काढतात. जात जुनीच, ग्रानोला नावाची, मूळची जर्मन. कोरड्या दिवसांत तळ्यावर पंप लावून पाणी वर चढवतात, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या नळ्यांचे भारेच्या भारे पडलेले असतात. खत वाढत गेलं, फवारण्या वाढत गेल्या, पिकाचा उतारा, म्हणजे उत्पन्न, मात्र घटलं. त्यात मुळांवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत. हे सगळं ऐकताना मला आमच्याच आडतीतल्या बाकावर बसल्यासारखं वाटत होतं. बेणं महाग, माल स्वस्त.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ३० जुलै २०१४ ला आमच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला बांजारनेगारा जिल्ह्यात, दिएंगच्या खालच्या डोंगरांत, जेम्बलुंग नावाची वाडी अशीच गाडली गेली. तिथे शंभराच्या आसपास माणसं गेली. दोन्हीकडे आधी दिवसेंदिवस पाऊस. चुलीपाशी मी माळीणचं नाव काढलं, तेव्हा जावयाने भाषांतर करायच्या आधीच घरधन्याला हातवाऱ्यांवरून कळलं. तो एवढंच म्हणाला, "जेम्बलुंग." मग बराच वेळ कुणी बोललं नाही, म्हातारीने चुलीत लाकूड सारलं.

माळीणनंतर आमच्याकडे पडकईला दोष दिला गेला. पडकई म्हणजे डोंगरात दगडी ताली (बांध) घालून भातखाचरं करायची आदिवासींची जुनी रीत. कुणी म्हणालं पडकई वाईट, कुणी म्हणालं यंत्राने केलेली पडकई वाईट, कुणी म्हणालं पाऊसच तसा होता. तो वाद मी जवळून ऐकलाय. म्हणून दिएंगच्या शेतकऱ्याला 'बाबा, पायऱ्या कर, झाडं लाव' असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. पायऱ्या करायच्या तर तेवढा काळ वावर पडीक ठेवायचं, आणि वर्षातून तीनदा बटाटा घेऊनही ज्याचं भागत नाही त्याने ते कसं करायचं? काहींनी बांधांवर कारिका लावलीय, डोंगरी पपईचाच एक प्रकार. तिचा पाकातला मुरंबा पर्यटक बाटल्या-बाटल्या नेतात. आम्हीही चार आणल्या. मुळं थोडी माती धरतात, पण बटाट्याएवढे पैसे तिला येत नाहीत.

तेव्हा विनंती इतकीच. फोटोओळ दुरुस्त करा. आणि दिएंगवर पुन्हा काही छापणार असाल तर एखादा फोटो जानेवारीतला, पाऊस चालू असतानाचा मिळवा. तेव्हा सूर्योदय दिसत नाही, पर्यटकही कमी असतात. घरधनी म्हणाला होता, त्या दिवसांत प्रत्येक सरीतून चहासारखं पाणी वाहतं, दूध घातलेल्या चहासारखं.

आपला,
एक बटाटा उत्पादक,
सातगाव पठार, ता. आंबेगाव, जि. पुणे