गोवरीच्या निखाऱ्यावरचा आयरिश पाव

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात केकच्या रेसिपी नेहमी येतात पण सगळ्या ओव्हनवाल्या, म्हणून लिहून राहिली. 17 मार्चला आयर्लंडचा सेंट पॅट्रिक्स डे असतो, त्या दिवशी मी त्यांचा सोडा ब्रेड केला. अर्धा किलो कणीक, एक चमचा खायचा सोडा, मीठ आन् आंबट घट्टसर ताक, बस, यीस्ट नाही अंडं नाही. आंबट ताक लागलं की सोड्याचा गॅस लगेच सुटते म्हणून मळत बसायचं नाही, नुसता गोळा करून वर सुरीनं खोल क्रॉस मारायचा आन् ताबडतोब भाजायला ठेवायचा. पहिल्यांदा मी पोळीसारखी कणीक तिंबली तर पार दगड झाला.

तिकडं जुन्या काळी लोखंडी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे टाकत, अगदी आपल्या रोडग्यांची आठवण येते! मीही जाड बुडाच्या गंजात, खाली-वर गोवऱ्यांचा निखारा, पाऊण तास ठेवला. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला आन् सासूबाईंनी गरम तुकड्यावर लोणी लावून दोनदा मागून खाल्ला.

आमच्यासारख्या चुलीवाल्या घरांसाठी पण अशा रेसिपी छापा ना साहेब.

एक वाचक, यवतमाळ जिल्हा