८६ ची फायनल तुझ्या जर्मनीचीही होती

छत्रपती संभाजीनगर,
१७ मे २०२६

प्रिय रुमेनिगे,

जर्मनीच्या कॅप्टनवरून पडलेल्या ह्या नावाशिवाय गल्लीत तुला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, म्हणून पत्रातही तेच.

परवा फोनवर १९८६ च्या फुटबॉल वर्ल्डकपबद्दल बोलता बोलता तू सहज म्हणून गेलास, "८६ ची फायनल म्हणजे काय, मॅराडोनाची फायनल." असं सगळेच म्हणतात. पेपरात दर चार वर्षांनी तेच छापून येतं आणि मी वाचून पान उलटतो. पण तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि मला चैन पडेना. मी पहिल्यापासून अर्जेंटिनावाला, डाव्या पायानं खेळणारा, मॅराडोनासाठी कुणाशीही भांडणारा. तू आख्ख्या औरंगपुऱ्यातला एकटा जर्मनीवाला. आता तूच असं म्हणायलास, तर त्या सामन्याची तुझ्या बाजूची गोष्ट सांगायला कोण उरलं? म्हणून मीच लिहायला बसलोय.

आधी साधा हिशोब. त्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोनाचे पाच गोल. इटलीविरुद्ध एक, इंग्लंडविरुद्ध दोन, सेमीफायनलला बेल्जियमविरुद्ध दोन. फायनलला एकही नाही. फायनलचे गोल मारले ब्राउन, वाल्दानो आणि बुरुचागानं, तिकडून रुमेनिगे आणि फोलरनं. मॅराडोना त्या दिवशी मोठा ठरलाच, पण ते वेगळ्या गोष्टीसाठी, त्यावर येतो. ती फायनल मात्र इतक्या वर्षांनीही अंगावर काटा आणते ती शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांमुळं, आणि ती मिनिटं तुझ्या जर्मनीनं घडवली.

२९ जून, रविवार. आर्द्रा लागून आठवडा झालेला, संध्याकाळी एक चांगली सर येऊन गेलेली. मेक्सिको सिटीत भर दुपारी बारा वाजता सामना, कारण युरोपातल्या लोकांना तो संध्याकाळी टीव्हीवर बघायचा होता. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, डोक्यावर ऊन घेऊन त्या पोरांनी नव्वद मिनिटं पळायचं! अझ्टेका स्टेडियममध्ये १ लाख १४ हजार ६०० माणसं. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेअकरा. रविवारचा हिंदी पिक्चर संपून गल्ली निजायला लागली होती आणि तुमच्या वाड्यात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडी सरकत्या दाराचा तो ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही तुझ्या दादांनी माजघरातून उचलून ओसरीवर आणून ठेवला होता, म्हणून अंगणातल्यांनाही दिसत होता. काकूंनी पातेलंभर चहा ठेवला होता. मुरमुऱ्यांत फुटाणे कालवलेली परात माणसांमधून फिरत होती, आणि छावणीतले ते चाचा, ज्यांनी आपल्याला आमखास मैदानावर बॉल पायाच्या आतल्या बाजूनं मारायला शिकवलं, ते खांबाला टेकून बसले होते. तुझे आजोबा पैठणकडच्या तुमच्या गावाहून बियाणं न्यायला आले होते आणि शेवटची एसटी चुकली म्हणून मुक्कामाला थांबले होते. त्यांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नव्हता. त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांनीच बोललं, हे मी आजही मानतो.

तू अजूनही म्हणतोस की जर्मनी पांढऱ्या शर्टात होती. नाही गड्या. पांढरा ९० ला, रोमच्या फायनलला. ८६ ला त्यांनी हिरवा घातला होता. आपल्याला तो काळसर दिसला एवढंच. कित्येक वर्षांनी मी रंगीत चित्रण बघितलं तेव्हा तो हिरवा रंग पाहून मला काही क्षण वाटलं, हा दुसराच कुठला तरी सामना आहे.

सुरुवातीपासून लोथार मॅथेउस मॅराडोनाच्या अंगाला चिकटलेला. मॅराडोना डावीकडं गेला की हा डावीकडं, तो मागं आला की हा मागं. आम्ही अर्जेंटिनावाले चिडून ओरडत होतो. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो चांगला खेळणारा गडी दिसतो. ह्याला त्या बुटक्याच्या मागं लावला, मग ह्याच्या वाट्याचं काम कोण करायलंय?" तेव्हा आपण हसलो. पण बघ, जर्मनीचे कोच बेकेनबाउर यांच्या त्या डावाची खरी किंमत हीच होती. मॅथेउस जर्मनीचा मधल्या फळीतला सगळ्यात ताकदीचा माणूस. तो एका माणसाला बांधला गेला म्हणजे जर्मनीही तिथं बांधली गेली. पहिले पन्नास-पंचावन्न मिनिटं तुझा संघ स्वतःचा खेळ खेळलाच नाही.

तेविसाव्या मिनिटाला उजवीकडून बुरुचागाची फ्री किक, गोलकीपर शूमाखर पुढं आला आणि चुकला, ब्राउननं डोक्यानं बॉल आत घातला. होसे लुइस ब्राउन. त्याच्याबद्दल तेव्हा आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. कॅप्टन राहिलेला पासारेला आजारी पडला म्हणून हा बचावफळीत आला. त्या वेळी त्याच्याकडं स्वतःचा क्लबसुद्धा नव्हता. देशासाठी मारलेला त्याचा हा पहिला आणि शेवटचा गोल, तोही वर्ल्डकपच्या फायनलमध्ये. पुढं दुसऱ्या हाफमध्ये त्याचा खांदा निखळला. आपल्याला एवढंच दिसलं की तो एक हात छातीशी धरून पळतोय. त्यानं दातानं शर्टाला भोक पाडलं, त्यात बोट अडकवून हात लोंबू नये अशी सोय केली आणि बाहेर न जाता शेवटपर्यंत खेळला, हे आपण फार पुढं वाचलं. कुणाच्या नावानं ही फायनल ओळखायची तर पहिलं नाव मी ब्राउनचं घेईन. २०१९ मध्ये तो गेला. पेपरात बातमी लहान होती. मी ती कापून ठेवली आहे.

हाफ टाइम झाला, १-०. त्यानंतर पंचावन्नाव्या मिनिटाला वाल्दानो. आपल्याच भागातून निघाला, डावीकडून पळत गेला आणि उजव्या पायानं शूमाखरच्या बाजूनं बॉल लांबच्या कोपऱ्यात सरकवला. २-०. आमच्याकडं इतका गोंगाट झाला की शेजारच्या वाड्यातून कुणीतरी ओरडलं. तू गुडघ्यांत हनुवटी घालून बसला होतास. लोक चपला शोधायला लागले. सकाळी कुणाला कामावर जायचं होतं, कुणाला शेतावर. तेव्हा चाचा जागचे न हलता म्हणाले, "बैठो मियां, जर्मनी है."

एवढी चार शब्दांची गोष्ट, पण मला वाटतं तुझं रुमेनिगेप्रेम खरं पक्कं झालं ते त्या वाक्यानं.

चौऱ्याहत्तरावं मिनिट. ब्रेमेचा डावीकडून कॉर्नर, फोलरनं डोक्यानं पुढं ढकलला आणि रुमेनिगे घसरत आत. पूर्ण फिट नसलेला, दुखऱ्या पायाचा कॅप्टन. २-१. ऐंशी मिनिटं होऊन गेली, पुन्हा ब्रेमेचा कॉर्नर, बेर्टोल्डनं डोक्यानं आत वळवला, फोलरचं डोकं, गोल. २-२! फोलर तर हाफ टाइमनंतर उतरलेला माणूस. दोन्ही गोल कॉर्नरवर, जवळजवळ एकाच सारखे. अर्जेंटिनाचे कोच बिलार्डो म्हणजे असल्या बारीकसारीक गोष्टींवर जीव टाकणारा माणूस, कप हातात आल्यावरही ते दोन कॉर्नर त्याला खात राहिले म्हणतात. ते खरं असणार. त्या आठ-दहा मिनिटांत अर्जेंटिनाचा संघ मला कधी नव्हे इतका केविलवाणा दिसला.

आणि तू! तू उठून उभा राहिलास, पण ओरडला नाहीस. दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता टीव्हीकडं बघत होतास. काकूंनी तुला विचारलं, "काय झालं रे, बरं वाटत नाही का?" हे मला जसंच्या तसं आठवतं. त्या क्षणी माझा संघ हातातला कप घालवायला निघाला होता, मला रडू यायचं बाकी होतं, आणि तरीही आत कुठंतरी वाटत होतं की असं काहीतरी मी पुन्हा बघणार नाही. दोन गोलांनी मागं पडलेल्या माणसांनी त्या उन्हात, त्या उंचीवर, पाय उचलेनासे झालेले असताना असा सामना ओढून आणावा! अर्जेंटिना आरामात २-० नं जिंकली असती तर मी खूश होऊन झोपलो असतो, आणि आज तुला पत्र लिहायला माझ्याकडं काही नसतं. अर्जेंटिनाच्या कपाला जी किंमत आली ती तुमच्या दोन गोलांनी आली. हेच मला परवा फोनवर म्हणायचं होतं.

आता मॅराडोना. बरोबरी होऊन दोन-तीन मिनिटं झाली असतील. जर्मनीच्या अंगात आलं होतं, अजून एक मारायचा म्हणून सगळे पुढं सरकले होते. मैदानाच्या मधोमध बॉल मॅराडोनाकडं आला. भोवती जर्मनीची तीन-चार माणसं. त्यानं बॉल थांबवलासुद्धा नाही. डाव्या पायाचा एकच स्पर्श, आणि बॉल त्या सगळ्यांच्या मधून पलीकडच्या मोकळ्या मैदानात. बुरुचागा उजवीकडून सुटला. मागं तो धिप्पाड ब्रिगेल. किती लांब होतं ते अंतर! बुरुचागा पळतोय, ब्रिगेल पळतोय, शूमाखर पुढं येतोय, आणि आपल्या अंगणात कुणी श्वास घेत नव्हतं. शूमाखरच्या बाजूनं बॉल सरपटत आत गेला. ३-२.

इंग्लंडविरुद्ध त्यानं अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चकवत मारलेला गोल लोक पुन्हा पुन्हा बघतात, बघावाच. पण मला तो पास जास्त मोठा वाटतो. सगळं स्टेडियम आणि सगळे जर्मन त्याच्याकडंच बघतायत हे त्याला माहीत होतं, आणि त्याच वेळी त्यानं बॉल दुसऱ्याच्या हवाली केला. आजोबा म्हणाले तसं, सगळी त्या बुटक्याच्या मागं लागलेली, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी मोकळं रान मिळालं. म्हणजे बघ, तो गोल व्हायलाही जर्मनी पुढं सरसावलेली असणं लागलं. बचाव करत बसली असती तर बुरुचागाला ती जागा सापडली नसती. २-२ वर थांबायचं सोडून ते जिंकायला निघाले. तुझ्या संघाचा हा गुण मी त्या रात्रीपासून मानत आलोय, तुला कधी बोलून दाखवला नाही एवढंच.

सामना संपला तेव्हा दीड वाजत आला होता. रुमेनिगे कॅप्टन म्हणून सलग दुसरी फायनल हरला, ८२ ला इटलीकडून, ८६ ला आमच्याकडून. आमची मिरवणूक गुलमंडीपर्यंत गेली आणि तिथल्या गस्तीच्या पोलिसानं परत पाठवली. तू आला नाहीस. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमखासवर सगळ्यांच्या आधी तू होतास, आणि ओल्या मैदानावर भिजून जड झालेला तो चामडी बॉल घेऊन एकटाच कॉर्नर मारत होतास. मी गोलपाशी जाऊन उभा राहिलो. आपण एक शब्द बोललो नाही. अंधार पडेपर्यंत तू कॉर्नर मारलेस आणि मी डोकं लावलं.

९० ला ब्रेमेच्या पेनल्टीवर तुम्ही १-० नं वचपा काढलात. तेव्हा तू पुण्याला नोकरीला लागला होतास. मला वाटलं होतं, तुझं टोचून लिहिलेलं पोस्टकार्ड येणार. आलं ते असं: "सामना चांगला झाला नाही. ८६ चा चांगला होता." बस. ते कार्ड माझ्याकडं आहे.

आणि २०२२ च्या फायनलची, १८ डिसेंबरची रात्र. अर्जेंटिना २-० नं पुढं, ऐंशी मिनिटं होत आलेली, आणि फ्रान्सच्या एम्बापेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल. २-२. त्याच क्षणी फोन वाजला. मी उचलला तर पलीकडून तू फक्त म्हणालास, "बैठो मियां." चाचा जाऊन किती वर्षं झाली, पण मला पलीकडं तेच बसलेत असं वाटलं. पुढं ३-३ होऊन पेनल्टीवर आम्ही जिंकलो. मेस्सीनं कप उचलला तेव्हा मी रडलो. पण सामना कुठला मोठा म्हणशील, तर माझं उत्तर अजून ८६ च. तो आपण आपल्या माणसांत बसून बघितला, हेही त्यात आलंच.

त्यातली किती जण गेली रे. आपले दादा, आजोबा, चाचा. तिकडं ब्राउन, २०२० च्या नोव्हेंबरात मॅराडोना, २०२४ उजाडता उजाडता बेकेनबाउर आणि दीड महिन्यात ब्रेमेही. ब्रेमे गेल्याचं वाचलं तेव्हा मला आधी तू कॉर्नर मारताना दिसलास.

आता मुद्द्याचं. ११ जूनला नव्या वर्ल्डकपची सुरुवात अझ्टेकावरच आहे. ७०, ८६ आणि आता २०२६, तीन वर्ल्डकप बघणारं ते पहिलंच स्टेडियम. आपल्याकडं सामना रात्री उशिराच दिसणार. वाडा राहिला नाही, पण माझ्या गच्चीवर पंचवीस माणसं सहज बसतात आणि जावयानं पडदा-प्रोजेक्टर आणून देतो म्हटलंय. गल्लीतल्या आपल्या जुन्या सहा-सात जणांना मी सांगितलंय, सगळे यायलेत. तुझ्या लेकीलाही आण, तिला ऑफसाइड समजावून सांगायचं मागच्या खेपेला अर्धवट राहिलं. शक्य असेल तर १० तारखेलाच ये, म्हणजे सकाळी आमखासकडं चक्कर मारू. आणि जर्मनीचा शर्ट आणणार असलास तर हिरवा आण.

काकूंना माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव, इथं एक चांगले डॉक्टर आहेत, त्या आल्या तर दाखवून घेऊ. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
डाव्या