मंत्रीसाहेब, 'पॉझिटिव्ह राहा'च्या पोस्टरने डिप्रेशन जात नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब,
नमस्कार.

मी सायकॉलॉजिस्ट आहे, डिप्रेशन आणि एन्झायटीचे पेशंट बघणं हेच माझं रोजचं काम. मानसिक आरोग्याचा विषय निघाला की सरकारी पातळीवर ठरलेल्याच गोष्टी होतात, एक हेल्पलाइन, एक जनजागृती सप्ताह, फीत कापणं आणि 'मन मोकळं करा' असं छापलेली पोस्टर्स. मन मोकळं करा हे ठीकच आहे हो, पण लोकांनी केलं आणि पुढे उपचार द्यायला कोणी नसलं तर काय, ते पोस्टरवर नसतं. मला एवढंच म्हणायचंय की पैसा उपचारावर घाला, पोस्टरचं नंतर बघू.

मुळात आमचं काम म्हणजे समजूत काढणं, धीर देणं असं बऱ्याच जणांना वाटतं, अगदी फायलीवर सही करणाऱ्यांनासुद्धा. आता पॅनिक अटॅक येणारा माणूस घ्या. छातीत धडधडलं की त्याला वाटतं हार्ट अटॅक आला, त्या भीतीने धडधड अजून वाढते, मग तो जिने चढायचं सोडतो, गर्दीत जायचं सोडतो, एकटा कुठे जातच नाही. ब्रिटिश सायकॉलॉजिस्ट डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये हे चक्र नीट मांडून दाखवलं. आम्ही काय करतो, तर तीच धडधड मुद्दाम आणतो. खुर्चीत गरागरा फिरवतो, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो, जागच्या जागी पळायला लावतो, आणि त्याआधी कागदावर लिहून घेतो की आता काय होईल असं वाटतंय. पेशंट लिहितो, 'चक्कर येऊन पडेन'. थोड्या वेळाने तो घामाघूम होऊन उभा असतो, पण उभा असतो. मग पुन्हा तेच, पुन्हा तेच, मग जिना, मग गर्दी. (हृदयाची तपासणी आधी झालेली असते, हे वाचून कोणी आपलं आपण सुरू करू नका.) यात धीर देणं कमीच, उलट आम्ही फार धीर देत बसलो तर भीती तशीच राहते.

डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो मूड आला की करेन, आणि मूड काही येत नाही. तिथे आम्ही तासातासाची नोंद ठेवायला आणि मूडला मार्क द्यायला सांगतो, 'सकाळी 10, अंथरुणातच, मूड 2', 'दुपारी 4, बहिणीचा फोन, मूड 4'. त्या 2 आणि 4 मधल्या फरकावरून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बनतं, कामं अगदी छोटी, पण मूड असो नसो करायची. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. दिसायला इतकं साधं की लोकांना उपचार वाटतच नाही, पण 2016 मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या कोब्रा ट्रायलमध्ये कमी अनुभवाच्या मेंटल हेल्थ वर्कर्सनी हेच केलं आणि पेशंटना अनुभवी थेरपिस्टच्या सीबीटीइतकाच (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) फायदा झाला, तोही कमी खर्चात. झिंबाब्वेत तर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून ट्रेनिंग घेतलेल्या आज्या प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी देतात, 2016 मध्ये त्याचाही चांगला रिझल्ट छापून आला. त्यामुळे 'तज्ज्ञच नाहीत' हे कारण आता पुरे. अट एकच, वर्कशॉप घेऊन सर्टिफिकेट वाटून मोकळं व्हायचं नाही, त्यांच्या कामावर कायम सीनियरची नजर हवी.

औषधांच्या विरोधात मी अजिबात नाही, गंभीर डिप्रेशनमध्ये ती लागतातच. पण सौम्य डिप्रेशनमध्ये सरसकट गोळ्यांनी सुरुवात करू नका असं ब्रिटनच्या नाइस (उपचारांचे नियम सुचवणारी तिथली सरकारी संस्था) गाइडलाइनमध्येच आहे. थेरपीच उपलब्ध नसेल तर डॉक्टर तरी गोळीशिवाय काय लिहिणार?

आता प्रतिबंध, कारण सगळ्या शाळांमध्ये माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) वगैरे घोषणा करायला फार सोप्या असतात. ब्रिटनमध्ये 80 पेक्षा जास्त शाळांत हे करून बघितलं, मायरियाड ट्रायल, 2022 चे निष्कर्ष, सरसकट सगळ्या मुलांना शिकवून नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. (मोठ्यांमध्ये ज्यांना वारंवार डिप्रेशन येऊन गेलंय त्यांना माइंडफुलनेसवर आधारित थेरपीचा उपयोग होतो, ती गोष्ट वेगळी.) मग उपयोग कशाचा होतो? ज्यांना धोका जास्त त्यांना शोधून छोट्या ग्रुपमध्ये काम करण्याचा. 2009 मध्ये अमेरिकेत डिप्रेशन झालेल्या आईवडिलांच्या किशोरवयीन मुलांसाठी असा सीबीटीचा ग्रुप घेतला तर त्या मुलांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण कमी राहिलं. पण आई किंवा वडील त्याच वेळी डिप्रेशनमध्ये असतील तर मुलांना फायदा दिसला नाही! म्हणजे मुलाला वाचवायचं तर आईवडिलांचा उपचारही हातात घ्यायला पाहिजे, आणि आपल्याकडे फाइल दोन वेगवेगळ्या विभागांत फिरणार.

शेवटचं मागणं. इंग्लंडमध्ये 2008 पासून सरकारी टॉकिंग थेरपीमध्ये दर सेशनला पेशंटकडून डिप्रेशनचा नऊ प्रश्नांचा आणि एन्झायटीचा सात प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात आणि किती बरे झाले ते जाहीर करतात. तुमच्या पुढच्या अहवालात हेल्पलाइनला किती कॉल आले हा आकडा असेलच, त्याच्या शेजारी दोन कॉलम वाढवा, किती जणांचा उपचार पूर्ण झाला आणि त्यातले किती बरे झाले. फॉर्म कसे भरून घ्यायचे ते तुमच्या स्टाफला मी येऊन शिकवते, मानधन नको.

आपली,
एक सायकॉलॉजिस्ट