आडनावे संपली नाहीत, गावे बदलली
महोदय,
रविवारच्या पुरवणीतील कोकणी आडनावांवरील लेखात किहीमकर, नवगावकर, रोहेकर ही आडनावे ‘नामशेष होत चाललेली’ ठरवली आहेत, ते पटले नाही. रायगडमधील या गावांवरून बेने इस्रायली यहुदी कुटुंबांनीही आडनावे घेतली. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. ही आडनावे आज अश्दोद, लोद, दिमोना इथे शोधावीत. तिथल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. मुंबईचे महापौर झालेल्या, याच समाजातील डॉ. ई. मोझेस यांचे आडनाव राजपूरकर. मुंबईतील त्यांच्या नावाच्या रस्त्याच्या पाटीवर मात्र ते आलेच नाही.
– एक वाचक, अलिबाग