फ्रँकी, जॅकी आणि दहावा अ‍ॅव्हेन्यू

पार्सिपनी, न्यू जर्सी
१० मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा तू म्हणालास, टोळीयुद्धाचे सगळे पिक्चर बघून संपले, आता एखादा न पाहिलेला सांग. फोनवर सांगायला बसलो असतो तर आईने मधेच जेवणाचं काढलं असतं, म्हणून लिहूनच टाकतो. पिक्चर १९९० चा आहे, ‘स्टेट ऑफ ग्रेस’. नाव ऐकलं नसशील. माझ्या ऑफिसातल्या अस्सल न्यूयॉर्ककरांनीही ऐकलेलं नाही. तो सप्टेंबरात लागला आणि आठवड्याच्या आत ‘गुडफेलाज’ आला. सगळी गर्दी तिकडे वळली. याची अमेरिकेतली कमाई वीस लाख डॉलरपर्यंतही गेली नाही. आणि माणसं कोण, तर शॉन पेन, एड हॅरिस, गॅरी ओल्डमन, रॉबिन राइट! संगीत एन्नियो मोरिकोनेचं. दिग्दर्शक फिल जोआनू तेव्हा तिशीही न गाठलेला.

गोष्ट न्यूयॉर्कच्या हेल्स किचनची. मी बसने ज्या पोर्ट अथॉरिटी स्थानकावर उतरतो, तिथून पश्चिमेला नदीपर्यंतचा हा भाग. एके काळी सगळी आयरिश वस्ती. बापाने गोदीत हमाली करायची, पोरांनीही मोठं होऊन तिथेच चिकटायचं. मग मालवाहतूक कंटेनरमध्ये गेली, जहाजं जर्सीच्या बंदराकडे वळली आणि धक्के ओस पडले. गोदीवर पोसलेले दादा लोक मात्र राहिले. त्यातलीच जिमी कूननची ‘वेस्टीज’ ही टोळी. मूठभर आयरिश पोरं, पण इतकी माथेफिरू की इटालियन माफियाही त्यांना वचकून असे. कूननने शेवटी त्याच इटालियनांच्या गँबिनो घराण्याशी हातमिळवणी केली, स्वतः जर्सीत राहायला गेला आणि त्याचाच साथीदार मिकी फेदरस्टोन फुटून सरकारी साक्षीदार झाला. १९८८ मध्ये खटल्याचा निकाल लागला आणि टोळी आत गेली. पिक्चरमध्ये ही नावं नाहीत, पण वास तोच आहे.

शॉन पेनचा टेरी बऱ्याच वर्षांनी वस्तीत परत येतो. बालमित्र जॅकी त्याला मिठी मारतो आणि आपल्या थोरल्या भावाच्या, फ्रँकीच्या टोळीत घेतो. टेरी खरं तर पोलीस आहे, हे आपल्याला पुढे कळतं. आता तू म्हणशील, टोळीत घुसलेल्या पोलिसाची गोष्ट शंभरदा पाहिली. मीही तेच म्हणत होतो. पण पिक्चर टेरीचा नाहीच, असं माझं मत. तो या दोन भावांचा आहे.

जॅकी म्हणजे गॅरी ओल्डमन. तेलकट केस, सदा प्यायलेला, पेटवलेल्या घरातून हसत उड्या मारत बाहेर पडणारा. हा इंग्रज नट आहे हे विसरायला होतं. वस्ती, दोस्त आणि भाऊ यांपलीकडे त्याला दुसरं जग माहीत नाही. फ्रँकी, म्हणजे एड हॅरिस, जर्सीत बायकापोरांसह बंगला करून राहतो. (माझ्यासारखाच, फक्त माझं घर भाड्याचं.) बाराखडी वस्तीत गिरवलेली आणि डोळा इटालियनांच्या धंद्यावर. त्यांची मर्जी राखायला तो स्टीव्ही नावाच्या आपल्याच टोळीतल्या पोराचा गळा चिरतो आणि संशय इटालियनांवर जाऊ देतो. जॅकीला ते खरं वाटतं. तो बारमध्ये जाऊन त्यांची तीन माणसं उडवतो.

आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी मी एवढं लिहितोय. इटालियन फ्रँकीला बोलावतात. ठरलेल्या वेळेत त्याचा फोन आला नाही तर सगळ्यांनी हत्यारं घेऊन आत घुसायचं. जॅकी फोनकडे डोळे लावून बसतो, थोरल्यासाठी मरायला तयार. त्याच वेळी तिकडे टेबलावर थोरल्याला सांगितलं जातं की भावाला तूच संपव. आणि तो ते कबूल करतो. पुढे नदीकाठी काय होतं ते लिहीत नाही. तिथे एड हॅरिसचा चेहरा बघ.

बहीण कॅथलीन तेवढी वस्तीतून बाहेर पडलेली, हॉटेलात नोकरी करते. रॉबिन राइटचं काम छान आहे, पण टेरीशी तिचं प्रेमप्रकरण थोडं लांबलंय. शेवटचा गोळीबार सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाच्या मिरवणुकीला जोडून, सगळा संथ गतीत. लोक त्याचंच कौतुक करतात. मला तो भाग जरा नटवल्यासारखा वाटला.

मी दहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून चालतो तेव्हा काच लावलेल्या इमारती दिसतात. दलाल या भागाला ‘क्लिंटन’ म्हणतात, म्हणजे भाव चढतो. पिक्चरमध्येही ही नवी बांधकामं दिसतात आणि जॅकीला त्यांचाच सगळ्यात जास्त राग. बाबांना हे वाचून दाखव. १९८२ च्या गिरणी संपानंतर आपल्या गल्लीतली कोणती पोरं कुठल्या ‘कंपनीत’, म्हणजे टोळीत, गेली, हे त्यांना नावानिशी ठाऊक आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर येण्याआधी मधली वर्षं त्या पोरांनी कशी काढली, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, तुला सांगितलं असेल. इथल्या आयरिश म्हाताऱ्यांना विचारलं तर तेही असेच विषय बदलतात.

पिक्चर आईसमोर लावू नकोस. जॅकीच्या फ्रीजरमध्ये एक पिशवी आहे, ती पाहून आई आपला फ्रीज उघडायची नाही. पुतण्यालाही नको. तू आणि वहिनी रात्री बघा. आणि बघून झाल्यावर मला फोन कर. फ्रँकीला दुसरा काही मार्ग होता का, यावर माझं नि तुझं जमणार नाही, हे आत्ताच सांगतो.

चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत काय ठरलं ते सविस्तर कळव. बिल्डरने भाडं आगाऊ द्यायचं कबूल केल्याशिवाय सही करू नका.

तुझा,
बंड्या