छळछावण्यांच्या आठवणी एकाच फळीवर नकोत

संपादक महोदय,

स.न.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्रंथालयांत नाझी छळछावण्यांवरची मराठी पुस्तके बहुधा एकत्रच ठेवलेली दिसतात. दैनंदिनी, सुटकेनंतर लगेच दिलेली साक्ष, चाळीस वर्षांनी लिहिलेले आत्मकथन आणि नावात ‘ऑशविट्झ’ (नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमधली सर्वांत मोठी छावणी) असलेली कादंबरी, सगळी एकाच फळीवर. यात कादंबरी हमखास आधी उचलली जाते आणि वाचक तिलाच पुरावा समजतो. ज्यांनी हे सोसून सांगून ठेवले, त्यांच्यावर हा अन्याय आहे.

ग्रंथपालांना आणि वाचनकट्टे चालवणाऱ्यांना विनंती, की दाखलनोंद करतानाच पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात : लेखक कोणत्या छावणीत आणि कधी होता, लिहिले कोणत्या वर्षी, मूळ भाषा कोणती, मराठी अनुवाद मुळावरून की इंग्रजीवरून. बहुतेक माहिती प्रस्तावनेत मिळते. तिथे छावणीचे नावच नसेल, तर पुस्तक साक्षींच्या फळीवर ठेवण्याची घाई करू नये.

छावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे पुस्तक आपल्याकडे ‘ऑशविट्झच्या आठवणी’ म्हणून दिले-घेतले जाते. प्रत्यक्षात ते सप्टेंबर १९४२ पासून दोन वर्षे तेरेझिनश्टाटला (आजच्या चेकियातल्या छावणीत) होते, ऑशविट्झला मोजके दिवस आणि पुढे एप्रिल १९४५ पर्यंत जर्मनीतल्या डाखाऊच्या काउफरिंग आणि ट्युर्कहाइम या उपछावण्यांत. रूळ टाकण्याचे काम, टायफसची साथ हे सारे उपछावण्यांतले आहे. अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनी तर १ ऑगस्ट १९४४ ला, अटकेच्या तीन दिवस आधी संपते. तिच्यात छावणी नाहीच.

लेखनाचे साल फार महत्त्वाचे. ऑशविट्झमधून वाचलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांचे आठवणींचे पुस्तक १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने २,५०० प्रतींत काढले. १९५८ मध्ये ते मोठ्या प्रकाशकाकडून आले, तेव्हा लेखकाने त्यात भर घातली होती. एली वीझेल यांचे छावणीच्या आठवणींचे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) पुस्तक १९५६ चे. दोन वर्षांनी आलेली फ्रेंच आवृत्ती पुष्कळ आटोपशीर झाली आणि इंग्रजी अनुवाद या फ्रेंचवरून झाला. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर यांनी तर १९४६ मध्येच युरोपातल्या निर्वासितांच्या मुलाखती पोलादी तारेवर ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हा छावणीविषयी पुस्तके, चित्रपट फारसे आले नव्हते. जे सांगितले ते बहुतांशी स्वतः पाहिलेलेच.

उशिरा दिलेल्या साक्षींत काय मिसळते, याचे ठळक उदाहरण ऑशविट्झमधला नाझी डॉक्टर मेंगेले. ऑशविट्झच्या फलाटावर ‘मेंगेलेने आमची निवड केली’, म्हणजे कोणाला कामाला ठेवायचे आणि कोणाला लगेच मारायचे हे ठरवले, असे अनेकजण सांगतात. तो तिथे मे १९४३ च्या अखेरीस रुजू झाला, आणि निवड करणारे एसएसचे (छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे) डॉक्टर इतरही होते. त्याआधी आलेल्या कैद्याने त्याचे नाव घेतले, तर ते नाव मागाहून चिकटले आहे. निवड मात्र झालीच होती. साक्षीतला हा भाग चुकला म्हणून सगळी साक्ष खोटी ठरवणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि नाझींची पापे नाकारणारे नेमके तेच करतात.

एकूण बळींचा आकडा साक्षीत शोधू नये. कैद्याला आपली बराक, आपली कामाची तुकडी दिसते. जुन्या पुस्तकांत ऑशविट्झसाठी ४० लाख हा सोव्हिएत आकडा आढळतो. इतिहासकारांनी वाहतुकीच्या नोंदी तपासून काढलेला आकडा सुमारे ११ लाख आहे, त्यातले जवळजवळ १० लाख ज्यू. जुन्या प्रतीत तशी चिठ्ठी चिकटवावी.

फळी कितीही भरली तरी ती एका बाजूला झुकलेलीच असते. पोलंडमधल्या बेल्झेक या मृत्युछावणीत चार लाखांहून अधिक माणसे मारली गेली. तिथून वाचून सविस्तर साक्ष देणारा जवळपास एकटा रुडॉल्फ रेडर. आठवणी लिहिल्या त्या मुख्यतः श्रमछावण्यांतून वाचलेल्यांनी. मृत्युछावणीत गाडीतून उतरलेले बहुतेकजण काही तासांत संपत होते.

शेवटी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याविषयी. १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित हिटलरच्या छावण्यांतून आलेले नव्हते. त्यांना सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते. त्यांच्या आठवणींना स्वतंत्र जागा हवी. आपल्या वृत्तपत्रातही अशा पुस्तकांतले उतारे येतात, तेव्हा खाली छावणीचे नाव, लेखनाचे साल आणि मूळ भाषा छापावी, ही विनंती.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, नौपाडा, ठाणे