आप्पांस, चार लोकांदेखत

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही "पुरे झाला गो" म्हणत पडवीतून उठून गेला असता. म्हणून हे उघड पत्र. देवगड-मालवण पट्ट्यात माझ्यासारखी आणखी मुलं असणार, त्यांनीही वाचावं.

२०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांचे नकार येऊ लागले, तेव्हा आमच्याकडे आंब्याची पहिली तोड चालू होती. खाडीतल्या कांदळवनावर पीएचडी करायची हे एमएस्सीपासून डोक्यात होतं. नकार आला की जो तो समजूत काढायचा. "जे होतं ते भल्यासाठी." मावशीने तर कुणकेश्वराला नवसच बोलून टाकला. सगळी मायेची माणसं, पण त्या मायेने मला उलट वाटायचं की खोट माझ्यातच आहे आणि ती सगळ्यांना दिसतेय.

तुम्ही समजूत काढली नाहीत. जन्मभर विद्यापीठाच्या लेखा विभागात घालवलेला माणूस! चष्मा पुसून मोबाईलवरचा मेल वाचलात, निधी अनिश्चित असल्याने यंदा कमी विद्यार्थी घेतोय, या ओळीवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "अगो, हेंच्याकडे पैशेच नाय तर तुका बोलवतले खयसून?"

मग पेटीत घालायच्या रद्दीच्या कोऱ्या कडेवर तुम्ही आकडे मांडू लागलात. पीएचडीला घेणं म्हणजे नुसता प्रवेश नव्हे. पाच-पाच वर्षं फी, विमा आणि महिन्याचं मानधन द्यायची जबाबदारी. ती बहुतेकदा प्राध्यापकाच्या प्रकल्पावर पडते. पुढच्या वर्षीचा हप्ता येईल की नाही हेच ठाऊक नसेल तर तो नवा विद्यार्थी घेईल कशाला? त्याच फेब्रुवारीत आरोग्याच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या एनआयएच या सरकारी संस्थेने प्रकल्पांवरचा वरखर्च १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं होतं. प्रकरण कोर्टात अडकलं, पण धसका घेतलेल्या विद्यापीठांनी जागा कमी केल्याच. मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाने तर देऊ केलेले प्रवेशही मागे घेतले. वरखर्च म्हणजे काय हे मला तुम्ही सांगितलंत: वीज, इमारत, "आणि माझ्यासारखे कारकून". माझा विषय आरोग्याचा नव्हे, पण एप्रिलमध्ये इतर विज्ञानाला पैसे देणाऱ्या एनएसएफ या सरकारी संस्थेनेही संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिप आदल्या वर्षीच्या २०००हून अधिकवरून १०००वर आणल्या. पुढे त्यात ५०० वाढवल्या म्हणे. त्या तिथल्याच लोकांसाठी असतात, मला मिळणार नव्हत्याच. पण वारा कुठला आहे ते कळलं.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी. एका ठिकाणाहून "पीएचडी नाही, पण मास्टर्सला या" असं पत्र आलं होतं. पैसे अर्थातच आपले. बाबा कलमांची बाग तारण ठेवायला निघाले होते, आणि मी गप्प बसून मनातून होच म्हणत होते. तुम्ही त्यांना समोर बसवलंत. शिकत असतानाही कर्जावर व्याज चढतच राहतं, हे वर्षावर्षाने मांडून दाखवलंत आणि विचारलंत, "पाऊस काय बँकेक इचारून येता?" बाबा काही बोलले नाहीत, पण कागदपत्रांची पिशवी पुन्हा कपाटात गेली. त्याच वर्षी मे संपायच्या आत मोसमी पाऊस कोकणात उतरला आणि शेवटच्या तोडीचा आंबा झाडावरच गेला. हप्ता असता तर कुठून भरला असता, हा विषय आमच्या घरात अजून कोणी काढत नाही.

आपल्याकडच्या नेट परीक्षेचं तुम्हीच डोक्यात घातलंत. त्यातून सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये, पुढे सीनियर झाल्यावर ४२,०००. मोठी गोष्ट रकमेची नाही. जेआरएफवाला विद्यार्थी म्हणजे स्वतःचा शिधा घेऊन येणारा पाहुणा, गाईडला त्याला ठेवून घेणं सोपं जातं. आणि लगेच बजावलंत की फेलोशिप दर महिन्याला येते असं धरून चालू नको, चार-सहा महिन्यांची सोय गाठीशी ठेव. त्याच खात्यात बसून उशिराची पत्रं टाईप केलेल्या माणसाने हे सांगितलं, म्हणून मी ते मानलं.

सध्या गोव्यात एका प्रकल्पावर मुदतीच्या नोकरीत आहे. चिखलातले खेकडे मोजते, संध्याकाळी नेटचा अभ्यास. जेआरएफ अजून हातात नाही. परदेशाचं दार बंद केलंय असंही नाही. पुन्हा अर्ज करीन तेव्हा आधी प्राध्यापकालाच विचारीन की बाबा रे, यंदा पैसे आहेत का.

एक काम आहे. आमच्या कॉलेजातली एक मुलगी पुढच्या रविवारी तुमच्याकडे येईल. तिलाही पैशाविना प्रवेशाचं पत्र आलंय आणि तिचे वडील होडी विकायच्या गोष्टी करतायत. तिला नव्हे, त्यांना समोर बसवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या वाडीतली